दिवसाच्या झोपेचा पडदा

उधना जंक्शन सोडून भुसावळकडे निघालेल्या गाडीला थोड्याच वेळात चलथाण लागतं. पुढे बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, अमळनेर. तापी व्हॅली रेल्वेचा हा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. याच रुळांवरून खानदेशातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सुरतेच्या बाजूला उतरत आली. कुणी मागावर गेलं, कुणी कापड रंगवणाऱ्या मिलमध्ये, कुणी हंगामापुरतं ऊसतोडीला. लिंबायत, पांडेसरा, उधना इथे त्यांची वस्ती दाट आहे. चलथाण-कडोदऱ्याकडेही घराघरांतून अहिराणी ऐकू येते.

खाली बोलणाऱ्या दोघी मी रचलेल्या आहेत. त्यांच्या बोलण्यातल्या लेसा, मापं आणि पाळ्या मात्र इथल्याच. नणंद थोरली, नंदुरबारला शिवणाचा क्लास घेते. भावजय चलथाणला राहते आणि घरबसल्या साड्यांना लेसपट्टी लावते, नगावर. सुरतेच्या साडीधंद्याचं बरंचसं काम असं घराघरांत चालतं: लेसपट्टी, टिकी चिकटवणं, धागे कापणं. साड्यांचे गठ्ठे येतात, काम होऊन जातात. नणंदेचा भाऊ मागावर आहे. पाळी बारा तासांची, एकदा दिवसाची, एकदा रातची. झोपायच्या खोलीला दोन खिडक्या, एक पश्चिमेला, एक उत्तरेला. भावजयीने पडद्यांसाठी बदामी रंगाचं पॉलिएस्टरचं कटपीस आणलं आहे. शिवणार तीच. वाद आहे तो त्याच्या कडेला काय लावायचं याचा.

नणंद : कापड चांगलं मिळालंय तुला. अंग आहे त्याला, पडही चांगली आहे. पण असंच लावणार? नुसतं? दवाखान्यातल्यासारखं दिसेल गं. खाली चार बोटांची लेस तरी लाव.

भावजय : ताई, लेस सोडून काहीही सांगा.

नणंद : सुरतेत राहून लेस नको? आमच्या क्लासच्या बायका इथून कुणी येणार असलं की यादी देतात. चौटा बाजारातून ही आण, ती आण.

भावजय : त्यांना हौस आहे, मला काम आहे. डबा झाला की लेसपट्टी, जेवण झालं की लेसपट्टी. डोळे मिटले तरी सुईखालून पट्टी सरकताना दिसते मला. झोपायच्या खोलीत तरी ती नको.

नणंद : ती लोकांची. ही आपली.

भावजय : लोकांची असो की आपली, लेस लावतात कशासाठी ते मला ठाऊक आहे ना. साडीचं कापड साधंच असतं. दोन्ही कडांना पट्टी लागली की तीच साडी भारी दिसते. कापडात नसलेलं कडेला आणायचं. माझ्या पडद्यात काही कमी नाही, मग कडेला काय आणू?

घर सजवण्याचे सल्ले देणारे लोक भावजयीचं हे कारण कधी विचारात घेत नाहीत. त्यांच्या हिशेबात खिडकी असते, भिंतीचा रंग असतो, पलंग असतो. पडदा शिवणारी बाई दिवसभर काय करते हे नसतं. मला तिचा नकार आवडीनिवडीचा वाटत नाही. पण नणंद शिकवणारी आहे, ती एवढ्यावर थांबणार नाही.

नणंद : सगळ्या लेसा एकाच कामाच्या नसतात. तू लावतेस ती पट्टी आणि जीपीओ लेस एकच का? जीपीओ कशी बनते माहीत आहे?

भावजय : मशीनवर.

नणंद : मशीनवर, पण पाण्यात विरघळणाऱ्या कापडावर. त्यावर दाट भरतकाम करायचं, मग ते खालचं कापड धुऊन टाकायचं. उरतं ते नुसतं दोऱ्याचं काम, मध्ये मोकळ्या जागा. तिच्यात झाकण्यासारखं काही नाही. असलं काम मोठ्या प्रमाणावर करणारी शिफली मशीन स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोबलीने १८६३ मध्ये काढली. मी क्लासमध्ये हे सांगते तेव्हा मुलींना खोटं वाटतं.

भावजय : दिसते छान, मी नाही म्हणत नाही. पण त्या मोकळ्या जागांत काय बसेल? धूळ. आपला हायवे किती लांब आहे, ताई? कडोदऱ्याच्या चार रस्त्यांवरून रात्रंदिवस ट्रक चालतात. सकाळी पुसलेल्या खिडकीवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं.

नणंद : धुवायचं मग.

भावजय : धुवायचंच आहे, दर महिन्याला. म्हणून तर साधा पडदा. बादलीत बुडवला, झटकला, वाळत टाकला. पॉलिएस्टर तासाभरात वाळतं. त्याला सुती लेस लावली की ती ओली राहणार, आटणार, आणि पडदा तिथे गोळा होणार.

नणंद : आटते, कारण बायका लेस आणतात आणि तशीच टीप मारतात. आधी पाण्यातून काढायची. रात्रभर भिजवायची, सावलीत वाळवायची, उलट्या बाजूने इस्त्री, मग मापायची. आणि लावताना ओढायची नाही. लेस हातात ताणून धरली की शिवताना सरळ दिसते, सुई निघाली की आखडते. तू लेसपट्टीवाली, तुला हे मी सांगायचं?

भावजय : आमच्याकडे ओढूनच लावतात. वेळ कुठे असतो? आणि तिथे साडीही पॉलिएस्टर, लेसही पॉलिएस्टर. दोन्ही आटत नाहीत. टोकाला मेणबत्ती दाखवली की दोरे निघत नाहीत.

इथे दोघींची विद्या वेगळी पडते, आणि दोन्ही खऱ्या आहेत. एक दोरा जाळून बघितला की कळतं: सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टरचा वितळून कडक मणी होतो. दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणून जे देतो त्यातलं बरंचसं या परीक्षेत मणी होऊन बसतं. पॉलिएस्टरच्या पडद्याला पॉलिएस्टरचीच लेस लावली तर भिजवण्याची कटकट नाही. सुती पडद्याला सुती लेस लावायची असेल तर दोन्ही आधी धुऊन घ्यायची. वेगळ्या जातीच्या दोन कापडांना एकाच टिपेने बांधलं की एक आटतं, दुसरं नाही, आणि कड वाकडी होते. बायका मग टेलरला बोल लावतात.

लाल-हिरव्या लेसांचा रंग उतरतो तेही बघायचं असतं: पांढरी ओली चिंधी लेसवर घासायची, डाग आला तर ती लेस फिकट पडद्याच्या जवळ न्यायची नाही. मिठाच्या पाण्यात बुडवल्याने रंग पक्का होतो ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. मिठाने रंग पक्का होत नाही. पहिल्या धुण्यात जो जायचा तो जातो, एवढंच.

नणंद : बरं, सुती नको. गोंड्यांची घे. खालच्या कडेला बारीक बारीक गोंडे. वारा आला की हलतात, छान दिसतात.

भावजय : मोठ्या जाऊबाईंची नात रोज इथेच असते, दीड वर्षाची. जे लोंबेल ते तोंडात. गोंडे, मोती, घुंगरू, लटकन, काहीही.

यावर नणंद गप्प बसते, आणि बसायलाच हवं. रांगतं-चालतं मूल असलेल्या घरात लोंबणारी, तुटणारी, मण्यांची कोणतीही किनार पडद्याला नको, आणि पडदा बाजूला बांधायची लांब दोरी तर मुळीच नको. मण्याने श्वास अडकतो, दोरीने गळा आवळतो. सौंदर्याचा प्रश्न इथे येतच नाही.

नणंद : मग जरीची पट्टी. सुरतेची जरी म्हणजे काय सांगावं. येवल्याच्या पैठणीत जी जरी जाते ती इथलीच.

भावजय : ती खरी जरी गेली. चांदीची तार, वर सोन्याचं पाणी. आमच्याकडे येते ती प्लास्टिकची, चकाकणाऱ्या फिल्मची बारीक कातरलेली. इस्त्री जरा गरम झाली की आखडून जाते.

नणंद : इस्त्री कमी ठेव. पण उठाव बघ ना तिचा.

भावजय : केव्हाचा उठाव, ताई? दिवसा की रात्री?

नणंद : म्हणजे?

भावजय : रात्री ट्यूब लावली की पडद्यावर पुढून उजेड पडतो. जरी चमकते, रंग दिसतो. दिवसा उजेड पडद्याच्या मागून येतो. तेव्हा जरी काळी पट्टी दिसते, रंग दिसतच नाही. मागच्या घरी होती ना, मालकिणीने लावलेली. दिवसभर काळी रेघ आणि रात्री झगमग. आणि हे रातपाळीला असले की दिवसा झोपतात. यांना काय दिसणार? काळी रेघ.

मला वाटतं सगळ्या वादाचं मर्म इथे आहे. आपण लेस निवडतो ती दुकानात, दिव्याखाली, हातात सपाट धरून. पडदा मात्र दिवसभर उजेडाच्या आडवा उभा असतो. मागून उजेड आला की रंग मरतो आणि आकार उरतो. कटवर्कची, भोकांची लेस अशा वेळी सुंदर दिसते, कारण भोकांतून उजेड नक्षीत येतो. दाट विणीची पट्टी नुसता काळा आडवा पट्टा होते. म्हणून लेस घरी आणल्यावर दोनदा बघायची: दुपारी खिडकीच्या काचेला लावून, आणि रात्री दिव्याखाली. दोन्ही वेळा पटली तरच कातरायची. मोबाईलवर जे पडदे दिसतात ते बहुतेक सकाळच्या मऊ उजेडात, अर्धे उघडे ठेवून काढलेले असतात. त्या खोल्यांत दुपारी दोन वाजता कुणी रातपाळीवरून येऊन झोपलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. पडद्याला चुण्या पडतात. खिडकी चार फूट रुंद असली तर कापड आठ फूट लागतं, तेव्हा कुठे घेर दिसतो. खाली आडवी लावलेली लेस त्या चुण्यांत आत-बाहेर वळते आणि निम्मी लपते. मोठ्या फुलाची, मोराची, कोयरीची लेस घेतली तर फूल कुठे आणि देठ कुठे अशी अवस्था. आडव्या किनारीला बारीक, जवळजवळ येणारी नक्षीच शोभते. मोठी नक्षी उभ्या कडेला, दोन पडदे जिथे भेटतात तिथे लावायची. ती कड चुण्यांत जात नाही, सरळ खाली उतरते.

नणंद : हे मात्र बरोबर बोललीस. दिवसा झोपणाऱ्याचं मी धरलंच नव्हतं. मग आधी उजेड अडवायला हवा. अस्तर लावणार आहेस?

भावजय : बाजारात ते ब्लॅकआऊट मिळतं, पण जाड असतं आणि महाग. आणि कितीही जाड घेतलं तरी मधून फट राहतेच. दोन्ही पडदे ओढले तरी मध्ये बोटभर उजेडाची रेघ. नेमकी यांच्या डोळ्यांवर. टॉवेल अडकवतो आम्ही तिथे.

नणंद : टॉवेल?

भावजय : चिमट्याने.

नणंद : अगं, मग तुला लेस नकोच आहे. तुला काठ हवाय. उभ्या कडेला तीन बोटं बाहेर येणारा, दाट विणीचा. एका पडद्याचा काठ दुसऱ्यावर चढला की फट संपली.

भावजय : पट्टी लावून? वेगळी पट्टी तिथे लोंबेल, वळेल. आत बकरम घालावा लागेल.

नणंद : वेगळी कशाला? आईचं लुगडं आहे ना माझ्याकडे.

वादात नवीन माणूस आल्यासारखं हे लुगडं येतं. इरकली, गडद निळ्या अंगाचं, सुती. काठ चमकीच्या रेशमाचा, गोमीच्या विणीचा. आईचं रोजचं नव्हे, कुठे जायचं तर नेसायचं.

भावजय : नाही. आईंचं लुगडं पडद्याला लावायचं नाही. फाटलं तर गोधडी शिवायची, तोपर्यंत तसंच राहू द्या.

नणंद : कपाटात ठेवून काय होतंय? घडीवर घडी राहते, तिथेच विरतं. मागच्या वर्षी उघडलं तर एका घडीला दोन भोकं. काठ मात्र अजून नवा आहे. उसवून काढला तर—

भावजय : उसवायचा कसा? काठ अंगाबरोबर विणलेला असतो, लावलेला नसतो. कातरावा लागेल. मी दिवसभर ज्या साड्यांना पट्टी लावते त्यांचा काठ निघू शकतो, कारण तो मी लावलेला असतो. आईंच्या लुगड्याचा काठ काढला तर खाली लुगडं उरत नाही.

तिच्या बोलण्यात दम आहे. मागावर काठ आणि अंग एकाच वेळी विणले जातात, ताणा वेगळा असला तरी बाणा एकच जातो. काठ कापून दुसऱ्या कापडाला लावला की त्याची एक कड मोकळी होते, ती दुमडावी लागते, आणि तो मग लेसच होतो. जुन्या साड्यांचे काठ कापून ड्रेसला, पिशव्यांना, पडद्यांना लावण्याची टूम निघाली आहे. त्यात चांगली कामंही होतात. पण अंग फेकून काठ ठेवणं मला कधीच पटलेलं नाही.

नणंद : थांब. टेप दे. लुगडं नऊवारी म्हणजे किती इंच?

भावजय : वार छत्तीस इंचाचा. नऊ छत्तीस... तीनशे चोवीस.

नणंद : खिडकी पाच फूट उंच. वर पाईपपर्यंत सहा इंच, खाली सहा इंच. पडदा सहा फूट, बहात्तर इंच. खाली दुमड आणि वर नेफा, मिळून नऊ इंच. एक्याऐंशी. दोन खिडक्या, चार पडदे. चार एक्याऐंशी?

भावजय : तीनशे चोवीस.

नणंद : बघ.

भावजय : म्हणजे अख्खं लुगडं अस्तराला?

नणंद : अख्खं. चार तुकडे आडवे कापायचे, बस. काठाला कात्रीच लावायची नाही. प्रत्येक तुकड्याला दोन्ही बाजूंना काठ उभा येतो, आपोआप. गडद निळं अंग पडद्यामागे उजेड अडवेल. मधल्या बाजूचा काठ बदामी कापडाच्या बाहेर तीन बोटं ठेवायचा. तोच तुझा काठ, तोच फट झाकणार. भिंतीकडे अस्तर तेवढं कमी पडेल, तिथे बदामी कापड जास्त आत दुमडून घे. आणि ते लुगडं किती वर्षं धुतलंय, त्यात आटायचं काही उरलेलं नाही. पॉलिएस्टर आटत नाही, लुगडं आटणार नाही. खालची कड मात्र दोघांची वेगळी ठेव. अस्तर एक इंच वर, सुटं. एकत्र शिवलंस तर पडदा फुगेल.

हा हिशेब बघून मी नणंदेच्या बाजूला गेले. लेस घेतली असती तर काय झालं असतं तेही मांडून बघा. एका खिडकीच्या दोन पडद्यांची खालची कड शहाण्णव इंच, दोन उभ्या कडा एकशे चव्वेचाळीस, वळणांचे आणखी आठ. मिळून साधारण सहा मीटर तीस सेंटिमीटर. सुरतेत लेस बहुतेक नऊ मीटरच्या गुंडाळीने मिळते. दोन खिडक्यांना दोन गुंडाळ्या, आणि पाच मीटरच्या वर लेस उरणार. उरलेली लेस अभ्र्यांना, टेबलक्लॉथला, फ्रीजच्या कव्हरला जाते. लेसांनी भरलेली घरं बहुधा अशा उरलेल्या गुंडाळ्यांमुळेच भरतात.

भावजय : ऊन? अस्तर खिडकीकडे असतं. सगळं ऊन त्यावर. पश्चिमेची खिडकी दुपारभर तापते. चमकीचा काठ दोन उन्हाळ्यांत विरेल. सुती अंगही उडेल.

नणंद : मग मागे आणखी एक पातळ पांढरं कटपीस लाव. ऊन ते घेईल. पॉलिएस्टर उन्हाला रेशमापेक्षा जास्त टिकतं. लुगडं मधे राहील, दोन कापडांच्या आत.

भावजय : तीन थर. पाईप वाकेल.

नणंद : मधे एक आधार ठोक. माझ्या भावाला सांग, पाळीवर जाण्याआधी दोन स्क्रू लावायचेत.

भावजय : काठ बाहेरच राहणार. त्याला ऊन लागेलच.

नणंद : लागेल. थोडा उडेल. आईच्या अंगावर असताना काय ऊन लागलं नव्हतं त्याला?

भावजय : तेव्हा त्या नेसत होत्या.

यावर नणंदेकडे उत्तर नाही, आणि मीही तिला देणार नाही. जपून ठेवलेली वस्तू घरात वापरायला काढणं योग्य की कपाटात राखणं, हा प्रश्न इंचांत सुटत नाही. काही घरांत आईची साडी कापली म्हणून वर्षानुवर्षं अबोला राहिलेला आहे. गोधडीला मात्र कुणी ना म्हणत नाही. आपल्याकडे लुगड्याचा शेवट गोधडीत व्हावा हे सगळ्यांना मान्य असतं. पडद्याला ती मान्यता मिळालेली नाही. हा भेद कुठून आला असावा? गोधडी अंगावर घ्यायची, पडदा खिडकीला टांगायचा, एवढंच कारण मला दिसतं, आणि रातपाळीवरून आलेल्या माणसासाठी ते पुरेसं नाही. अंधार हेही पांघरूणच की.

भावजय : आणि धाकट्या ताई? त्यांना विचारलंत?

नणंद : तिला काय विचारायचंय? लुगडं आईने माझ्या हातात दिलं.

भावजय : विचारायला हवं. उद्या त्या नवापूरहून आल्या, पडदा ओढला आणि आईंचा काठ दिसला, तर बोलणी मला बसतील. तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही.

नणंद : (फोन ठेवून) ती हो म्हणते. पण पदर तिला हवाय.

भावजय : घ्या. किती आहे पदर?

नणंद : पाऊण वार तरी. सत्तावीस इंच. म्हणजे चौथा तुकडा चोपन्नाचाच उरतो.

भावजय : चौथ्या पडद्याला जोड द्यावा लागेल. निळं कापड शोधायचं.

नणंद : उत्तरेच्या खिडकीला तो ठेव, तिथे ऊन नाही, तेवढा अंधार नको. जोड वरच्या बाजूला घे, म्हणजे काठ खालपर्यंत सलग राहील.

भावजय : जोडाच्या कापडाला काठ नसणार. वरची सव्वादोन फूट कड नुसती दिसेल.

नणंद : तेवढ्या भागाला एक पट्टी लाव. निळ्या-लाल रंगाची, गोमीशी जुळणारी. तुझ्याकडे गठ्ठ्यांतली उरते ना?

भावजय : उरते. मोजून द्यावी लागते परत, पण मागितली तर देतील. ताई, शेवटी लेस लावलीतच मला.

नणंद : सव्वादोन फूट. तीही वर, पाईपजवळ. पडदा ओढला की दुसऱ्या पडद्याच्या काठाखाली जाईल, दिसणारही नाही.

भावजय : दिसणारच नसेल तर लावायची कशाला?